आधी गाडी, मग बोट: म्युनिकहून बुडापेस्टपर्यंत दोघांची सहल कशी आखावी

डॅन्यूबवरच्या क्रूझचं ठरलं की बहुतेक जण आधी बोट बुक करतात आणि "एवढे लांब चाललोच आहोत, तर शेवटी चार दिवस गाडी घेऊन फिरू" असं म्हणून रोड ट्रिप मागे जोडतात. मागच्या मे महिन्यात आम्ही दोघांनी हा क्रम उलटा केला. पहिला आठवडा भाड्याची गाडी, नंतरच्या सात रात्री बोट. परत आल्यापासून नात्यातली आणि ओळखीतली जोडपी फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढते आहे.

क्रम उलटा करण्याची कारणं साधी आहेत. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायला डोकं ताजं लागतं, आणि ते सहलीच्या सुरुवातीलाच असतं. बोटीवर सात दिवस आयतं ताट आणि आयतं अंथरूण मिळाल्यावर पुन्हा नकाशे उघडायची इच्छा उरत नाही. दुसरं कारण पैशाचं. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली तर भाड्याइतकीच रक्कम फक्त 'सोडण्याची' म्हणून लागू शकते. म्युनिक आणि पासाउ दोन्ही जर्मनीत आहेत. मधे ऑस्ट्रिया आणि चेकमध्ये फिरलात तरी गाडी जर्मनीतच घेतली आणि जर्मनीतच सोडली, असं होतं. पासाउला बोटीत बसायचं, बुडापेस्टला उतरायचं आणि तिथूनच घरी यायचं. विमानाचं तिकीट काढताना जायचं म्युनिकला आणि परतीचं बुडापेस्टहून, असं एकाच बुकिंगमध्ये घ्या. दोन सुटी तिकिटं घेण्यापेक्षा ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

रात्रींचा हिशेब आधी कागदावर मांडा

आमच्या पंधरा रात्री अशा होत्या: फ्रायसिंग १, साल्झबुर्ग २, हालश्टाटजवळ १, चेस्की क्रुमलोव २, पासाउ १, बोट ७, बुडापेस्ट १. हा कागद सगळ्यात आधी तयार करायचा, कारण व्हिसा कुठल्या देशाकडे मागायचा हे त्यावरच ठरतं.

हे सगळे देश शेंगेन क्षेत्रात आहेत, तेव्हा व्हिसा एकच. पण अर्ज जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. विमान कुठे उतरतं त्यावर ते ठरत नाही. दिवस समसमान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. आमचं विमान जर्मनीत उतरत होतं, पण साल्झबुर्ग, हालश्टाट आणि बोटीचे लिंत्स, मेल्क, व्हिएन्ना हे मुक्काम मिळून ऑस्ट्रियाचे दिवस सगळ्यांत जास्त भरले, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. बोट कुठल्या रात्री कुठल्या बंदराला आहे हे दाखवणारं कंपनीचं पत्र अर्जाला जोडा, म्हणजे तपासणाऱ्याला हिशेब लगेच कळतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. व्यवहारात अडीच-तीन महिने हाताशी ठेवा, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. मोठ्यांची फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान ३० हजार युरोच्या वैद्यकीय खर्चाचा हवा. अर्जात 'मल्टिपल एंट्री' मागा. या मार्गाला ती लागत नाही, पण बुडापेस्टच्या पुढे बेलग्रेडपर्यंत जाणारी क्रूझ घेतलीत तर लागेल. सर्बिया शेंगेनमध्ये नाही. एकदा बाहेर पडलात की परत आत यायला एकाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे. त्यामुळे म्युनिकला उतरल्यावर लगेचची कनेक्टिंग गाडी किंवा ट्रेन ठेवू नका.

बोट निवडताना

माहितीपत्रकातले फोटो सगळ्यांचे सारखेच सुंदर असतात. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत, आणि मी ते ईमेलवर लेखी विचारले.

पहिला प्रश्न: मेल्क ते क्रेम्स हा टप्पा दिवसाउजेडी आहे का? हा ऑस्ट्रियातल्या वाखाउ खोऱ्याचा भाग, सुमारे ३६ किलोमीटरचा, २००० सालापासून युनेस्कोच्या यादीत. पासाउ-बुडापेस्ट मार्गावर नदीतून पाहण्यासारखं सगळ्यात सुंदर काही असेल तर हे. पण नदीवरच्या बोटी बराचसा प्रवास रात्री करतात, म्हणजे दिवसा गावं दाखवता येतात. वाखाउ अंधारात निघून गेलं तर अर्धी सहल वाया गेली असं मी म्हणेन.

दुसरा: बोटीत नेमकं चढायचं कुठे? 'पासाउ' लिहिलेलं असलं तरी काही बोटी वरच्या अंगाला असलेल्या फिल्सहोफेनहून सुटतात, काही ऑस्ट्रियातल्या एंगेलहार्ट्सझेलहून. गाडी पासाउला सोडल्यावर हातात चार बॅगा असताना हे कळून उपयोग नाही.

तिसरा: पाणी कमी किंवा जास्त झालं तर काय करता? हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. डॅन्यूबचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी उतरतं, २०१८ आणि २०२२ मध्ये ते फारच खाली गेलं होतं. पूर आला तर उलटी अडचण: बोट पुलाखालून जात नाही. अशा वेळी कंपन्या प्रवाशांना बसने पुढे नेऊन अडलेल्या जागेपलीकडच्या आपल्याच दुसऱ्या बोटीवर चढवतात, आणि करारात बहुधा लिहिलेलं असतं की याबद्दल पैसे परत मिळणार नाहीत. तो परिच्छेद शोधून वाचा. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे हवामानाला बरे महिने. वाखाउमधला जर्दाळूचा बहर पाहायचा असेल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा, फळ खायचं असेल तर जुलै.

आता केबिन. सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या खिडक्या पाण्याच्या पातळीच्या जरा वर असतात आणि उघडत नाहीत. स्वस्त असतात, आणि दिवसभर बाहेरच राहणार असाल तर वाईटही नाहीत. मधल्या मजल्यावर 'फ्रेंच बाल्कनी' मिळते. नाव बाल्कनी असलं तरी बाहेर पाऊल ठेवायला जागा नसते. काचेचं दार सरकवायचं आणि कठड्याला टेकून उभं राहायचं. आम्ही तीच घेतली आणि पुन्हा तीच घेऊ. मागच्या टोकाला इंजिनाची घरघर असते, पुढच्या टोकाला धक्क्याला लागताना आवाज होतो, म्हणून मधली केबिन मागा. डावी बाजू की उजवी, याला फार महत्त्व देऊ नका. बंदरात बोटी एकमेकींना खेटून उभ्या करतात, त्यामुळे एखाद्या सकाळी पडदा सरकवला की समोर दुसऱ्या बोटीतले काका दात घासताना दिसणार, हे गृहीत धरा. उतरायलाही त्या शेजारच्या बोटीतून जावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर लिफ्ट कुठल्या मजल्यांपर्यंत जाते ते विचारा. सगळ्यात खाली आणि वरच्या गच्चीवर ती सहसा जात नाही.

किमतींची तुलना करताना फलकावरचा आकडा बाजूला ठेवा. बंदरातल्या सहली, जेवणाबरोबरची पेयं, वाय-फाय आणि टिप या चार गोष्टी धरून दोन्ही कंपन्यांचा एकूण आकडा काढा. टिप अनेक ठिकाणी माणशी दिवसाला १० ते १५ युरो अपेक्षित असते, म्हणजे सात रात्रींत दोघांचे दीड-दोनशे युरो सहज होतात. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पावती जपून ठेवा.

गाडी: काउंटरवर जाण्याआधी

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्याच आरटीओतून मिळतो. सारथी पोर्टलवर अर्ज, १००० रुपये फी, एक वर्ष मुदत. पासपोर्टची प्रत लागते, व्हिसाचीही मागू शकतात, म्हणून व्हिसा हातात आल्यावर लगेच करा. आणि दोघांकडे लायसन्स असेल तर दोघांचाही काढा, एकच जण चालवणार असला तरीही. हे मी अनुभवाने सांगते. आम्ही गाडी ह्यांच्या नावावर बुक केली होती आणि क्रेडिट कार्ड होतं माझ्या नावाचं. काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, मुख्य चालकाच्या नावाचंच क्रेडिट कार्ड हवं, डेबिट कार्ड चालणार नाही, फॉरेक्स कार्डही नाही. मागे रांग, बाजूला सामान. माझा परवाना पर्समध्ये होता म्हणून मी मुख्य चालक झाले, हे दुसरे चालक, आणि जास्तीचे पैसे भरून गाडी मिळाली. तो नसता तर आमची रोड ट्रिप तिथेच संपली असती.

बुक करतानाच आणखी तीन गोष्टी सांगायच्या. ऑटोमॅटिक गाडी हवी, कारण तिकडे मागितल्याशिवाय गिअरची मिळू शकते. ऑस्ट्रिया आणि चेकमध्ये नेणार आहोत, कारण काही कंपन्या महागड्या गाड्या चेककडे नेऊ देत नाहीत आणि न सांगता नेली तर विमा लागू होत नाही. आणि पासाउचं ऑफिस कुठल्या वारी किती वाजेपर्यंत उघडं असतं. छोट्या जर्मन शहरांत ही ऑफिसं शनिवारी दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. बोट रविवारी सुटत असेल तर हे तुम्हाला आधीच माहीत हवं.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, चाकांच्या रिम्सचा आणि काचेचा व्हिडिओ काढा. पेट्रोल 'भरलेली घ्या, भरून द्या' या अटीवरच घ्या. डिकीत लाल त्रिकोण आणि फ्लुओरोसंट जाकीट आहे ना, ते बघा.

टोलचं गणित वेगळं आहे. जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी 'व्हिन्येट' नावाचा पास घ्यावा लागतो, एक दिवसाचा किंवा दहा दिवसांचा. आम्ही दहा दिवसांचा घेतला. चेकमध्ये तो ऑनलाइन घेता येतो आणि गाडीच्या नंबरावर नोंदला जातो. आमच्या मार्गावर चेकमधले रस्ते बरेचसे साधे होते, पण नकाशाने थोडा जरी महामार्ग दाखवला तर एक दिवसाचा पास काढून मोकळे व्हा. दोन्ही देशांच्या अधिकृत संकेतस्थळांवरूनच घ्या. शोधल्यावर वर दिसणाऱ्या काही खासगी साइट त्याच पासासाठी जास्त पैसे घेतात.

पहिला दिवस चालवायचा नाही

रात्रभर विमानात बसून थेट स्टिअरिंग हातात घेऊ नका. म्युनिक विमानतळाजवळच फ्रायसिंग नावाचं जुनं गाव आहे. तिथे एक रात्र झोपलो, संध्याकाळी पायी फिरलो, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता विमानतळावर परत जाऊन गाडी घेतली.

उजव्या बाजूने चालवण्याची एकच खूणगाठ मनात ठेवा: चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेजवळ. आपल्याकडेही तसंच असतं, फक्त सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं. अडचण दुसरीच होते. गाडीचा मोठा भाग आता तुमच्या उजवीकडे असतो आणि अंदाज नसल्यामुळे गाडी उजव्या कडेला सरकत राहते. पहिल्या अर्ध्या तासात मी तीनदा तरी ओरडले असेन, "अहो, कडेला जाताय, आरसा लागेल!" म्हणून आम्ही कामं वाटून घेतली. चालवणाऱ्याने फक्त चालवायचं. शेजारच्याने उजवी कड, वेगमर्यादेच्या पाट्या आणि पुढचं वळण सांभाळायचं. इंडिकेटरचा दांडा डावीकडे असतो, आपल्या बहुतेक गाड्यांत तो उजवीकडे असतो, तेव्हा पहिले दोन दिवस प्रत्येक वळणाला वायपर चालू होतील. पार्किंगमध्येच दहा मिनिटं हात बसवून घ्या.

नियम थोडक्यात. ऑस्ट्रिया आणि चेकमध्ये महामार्गावर १३०, गावात ५०; गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ऑस्ट्रियात १००, चेकमध्ये ९०. गावाच्या नावाची पाटी दिसली की ५० सुरू झालं असं समजा, वेगळी पाटी लावत नाहीत. ऑस्ट्रियात काही टप्प्यांवर दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून काही साधत नाही. चेकमध्ये दिवसाही दिवे लावूनच चालवायचं आणि दारूचा एक थेंबही घेतलेला चालत नाही. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

एक नियम मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्याला त्याची सवय नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात महामार्गावर गाड्या अडकायला लागल्या की अपघात दिसो न दिसो, सगळ्यांनी मधे वाट सोडायची. सगळ्यात डाव्या रांगेने आणखी डावीकडे सरकायचं, बाकीच्यांनी उजवीकडे. तिला 'रेटुंग्सगासे' म्हणतात, अँब्युलन्ससाठीची गल्ली. लिंत्सजवळ वेग मंदावला आणि बघता बघता पुढच्या शेकडो गाड्या, ट्रकसकट, भांग पाडावा तशा दोन्ही बाजूंना सरकल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही. चार मिनिटांनी त्या वाटेने अँब्युलन्स सरळ निघून गेली. मला त्या क्षणी भरून आलं.

पंपावर स्वतः भरायचं आणि आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे. चेकमध्ये 'नाफ्ता' म्हणजे डिझेल आणि 'नॅचरल' म्हणजे पेट्रोल. शंका आली तर खूण बघा: युरोपभर पेट्रोलचं लेबल गोल असतं, डिझेलचं चौकोनी. तेच चिन्ह गाडीच्या टाकीच्या झाकणाच्या आतही असतं.

मार्ग

फ्रायसिंग ते साल्झबुर्ग सुमारे १८० किलोमीटर. शहरात गाडीचा काही उपयोग नाही, बाहेरच्या 'पार्क अँड राइड'ला लावून बसने आत जा. मोझार्ट २७ जानेवारी १७५६ ला जन्मला ते घर गेट्राइडगासे या गल्लीत नऊ नंबरचं आहे, गर्दी टाळायची तर सकाळी उघडताच.

साल्झबुर्ग ते हालश्टाट अंतर फक्त ७५ किलोमीटर, पण याला अख्खा दिवस द्या. महामार्ग सोडून सांक्ट गिल्गेन, बाद इशल असा तळ्यांच्या काठाने जाणारा रस्ता घ्या. हालश्टाटला लोकवस्ती हजाराच्या आत आणि दुपारी पर्यटक त्याच्या कितीतरी पट. वाहनतळ भरले की पाटीच लागते आणि परत फिरावं लागतं. आम्ही तळ्याच्या दुसऱ्या टोकाला ओबरट्राउनला राहिलो आणि सकाळी सातला हालश्टाटमध्ये पोहोचलो. दोन तास गाव आमचं होतं. दहाला बस यायला लागल्या तेव्हा आम्ही निघालो.

तिथून बाद इशल, लिंत्स, फ्राईश्टाटमार्गे चेस्की क्रुमलोव सुमारे २०० किलोमीटर. सीमेवर थांबवलं नाही, पण पासपोर्ट हाताशी ठेवा. क्रुमलोवच्या जुन्या भागाला व्लतावा नदीने जवळजवळ पूर्ण वेढा घातला आहे आणि पर्यटकांच्या गाड्या आत जात नाहीत. वाहनतळापासून दगडी फरसबंदीवरून बॅगा ओढत न्याव्या लागतात, म्हणून दोन रात्रींपुरती एक लहान बॅग वेगळी भरा, मोठ्या डिकीतच राहू द्या. इथे युरो नाही, चेक कोरुना चालतो. कार्डाने पैसे देताना यंत्र 'रुपयांत की कोरुनात' असं विचारतं, तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडा. यंत्राचा दर कायम महाग असतो. पुढे हंगेरीत फोरिंटबाबतही हेच.

क्रुमलोव ते पासाउ सुमारे १२० किलोमीटर, वोलारी आणि फ्रायुंग या गावांवरून, बराचसा रस्ता शुमावाच्या जंगलातून. संपूर्ण प्रवासात गाडी चालवण्याचा खरा आनंद इथे मिळाला.

पासाउची रात्र कापू नका

बोट कुणासाठी थांबत नाही. पंक्चर, पाऊस, वाट चुकणं, यातलं काहीही होऊ शकतं, म्हणून बोटीच्या आदल्या दिवशी दुपारी पासाउला पोहोचायचं, ऑफिस उघडं असताना गाडी परत करायची आणि रात्र गावात काढायची.

आणि पासाउ स्वतःही पाहण्यासारखं आहे. इथे डॅन्यूबला एका बाजूने इन आणि दुसऱ्या बाजूने इल्झ मिळते. इन हिरवट दुधाळ, इल्झ काळसर, आणि टोकावर उभं राहिलं की हे रंग बराच वेळ शेजारी शेजारी वाहताना दिसतात. कराडचा प्रीतिसंगम पाहिलेल्यांना इथे घरचं काहीतरी आठवेल. जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या पातळ्या कोरल्या आहेत. ३ जून २०१३ ला पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलं, १५०१ नंतरचा सगळ्यात मोठा पूर. मी सांगलीची. आयर्विन पुलाजवळच्या पातळीवर डोळे लावून मोठी झालेली. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभी राहिले, आणि एका खुणेखाली हात टेकवून पाहिला. ती खूण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती.

बोटीवर

पहिल्या संध्याकाळी तीन कामं. रिसेप्शनवर पासपोर्ट ठेवून घेतात, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाच्या छायाप्रती व फोनमधले फोटो जवळ असू द्या. सहलींच्या यादीतून कुठल्या कंपनीबरोबर आणि कुठल्या आपल्या आपण, हे ठरवा. आणि जेवणघरातल्या मुख्य माणसाला भेटा. त्याबद्दल पुढे सांगते.

आमचं मत: मेल्कचा मठ बोटीच्या गाइडबरोबर बघा. १०८९ पासूनचा बेनेडिक्टाइन मठ, आजची पिवळी बरोक इमारत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, आणि आत समजावून सांगणारं कुणी नसेल तर नुसता सोन्याचा झगमगाट वाटतो. व्हिएन्नात मात्र गाइडचे पैसे वाचवा. राइशब्रुके पुलाजवळ बोट लागली तर फोरगार्टनश्ट्रासे हे मेट्रो स्टेशन चालत गाठता येतं, आणि यू-१ ने चौथ्या स्टेशनवर थेट श्टेफान्सप्लात्स, शहराचा मध्य. २४ तासांचा पास काढा. शोनब्रुन राजवाड्याचं वेळेचं तिकीट भारतातूनच घ्या. स्टेट ऑपेरात उभं राहून बघण्याची स्वस्त तिकिटं मिळतात. आम्ही पहिला अंक उभ्याने ऐकला आणि मध्यंतरात समाधानाने निघालो. नळाचं पाणी बिनधास्त प्या, १८७३ पासून ते आल्प्सच्या झऱ्यांतून शहरात येतं. ब्रातिस्लावाला बोट जुन्या गावाजवळच लागते, अर्धा दिवस पुरतो.

रात्री लॉकमधून जाणं एकदा तरी जागून बघा. लॉक म्हणजे नदीतली पाण्याची पेटी: बोट आत येते, दारं मिटतात, पाणी सोडून पातळी उतरवतात आणि पुढचं दार उघडतं. पासाउ ते बुडापेस्ट अशी अकरा लॉक्स लागतात. ऑस्ट्रियातल्या पेट्या २४ मीटर रुंद असतात, दोन बोटी शेजारी शेजारी मावतात. पहिल्या रात्री मी दार सरकवलं तर हाताच्या अंतरावर ओली काळी भिंत होती, शेवाळाचा वास येत होता, आणि ती भिंत हळूहळू वर चढत होती. खरं तर आम्हीच खाली जात होतो. इंजिनचा आवाज जवळजवळ नाही, फक्त भिंतीवरून निथळणारं पाणी.

वाखाउच्या टप्प्यावर वेळेआधी गच्चीवर जाऊन जागा धरा आणि शाल न्या, नदीवर वारा बोचतो. प्रवाहाच्या दिशेने जाताना आधी उजवीकडे उंच कड्यावर आगश्टाइनचा पडका किल्ला. मग डावीकडे विलेनडोर्फ, जिथे १९०८ मध्ये अश्मयुगातली प्रसिद्ध अकरा सेंटिमीटरची दगडी स्त्रीमूर्ती सापडली. ती व्हिएन्नाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे, जरूर बघा. पुढे श्पिट्स, आणि शेवटी डावीकडे ड्युर्नश्टाइनचा निळा-पांढरा मनोरा. वरच्या पडक्या किल्ल्यात ११९२-९३ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. पण मला सगळ्यात भावल्या त्या डोंगरउतारावरच्या द्राक्षमळ्यांच्या ताली. चुना-सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आपल्या कोकणातला गडगा रचतात तसा.

काठावर किलोमीटरचे आकडे लिहिलेले दिसतील. ते नदीच्या मुखापासून मोजलेले आहेत, त्यामुळे पुढे जाल तसे कमी होतात: पासाउला सुमारे २२२६, बुडापेस्टला सुमारे १६४७. फोनला रेंज नसली तरी आपण कुठे आहोत ते त्यावरून कळतं.

शाकाहारी मंडळींसाठी

बुकिंगच्या वेळी लेखी कळवा, निघण्याच्या महिनाभर आधी पुन्हा कळवा, आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या प्रमुखाला प्रत्यक्ष भेटा. 'व्हेजिटेरियन' एवढंच सांगून भागत नाही. मांस नाही, मासा नाही, अंडं चालतं की नाही, आणि सूप मांसाच्या पाण्यात केलेलं नको, हे वेगवेगळं सांगायचं. आम्हाला चौथ्या दिवसापासून रोज सकाळी "आज रात्री तुमच्यासाठी काय करू?" असं विचारायला लागले.

रस्त्यावर बटाट्याच्या सॅलडमध्ये आणि आंबट कोबीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. जर्मन भागात "ओने श्पेक" म्हणा. चेकमध्ये मांसाशिवाय म्हणजे "बेझ मासा". मराठी माणसाला हा शब्द चुकीची गोष्ट सुचवेल, पण लक्षात पटकन राहतो. हंगेरीत तळणासाठी डुकराची चरबी वापरायची जुनी रीत आहे, लांगोश (तळलेली जाड पोळी) घेताना विचारून घ्या.

युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस सामानातून नेता येत नाही. पेढे, बर्फी, तूप, पनीर घरीच ठेवा. मेतकूट, कोरडी चटणी, चिवडा, खाकरा घ्या. ओबरट्राउनला स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती. तिथल्या दुकानातून तांदूळ आणि लोणी आणलं आणि मऊ भात, मेतकूट, लोण्याचं तूप असं जेवलो. रविवारी ऑस्ट्रिया-जर्मनीत किराणा दुकानं बंद असतात, शनिवारीच खरेदी उरका. बोटीच्या केबिनमध्ये स्वतःची किटली लावू देत नाहीत. लाउंजमधल्या कॉफीच्या यंत्रातून गरम पाणी रात्रीही मिळतं, सुंठ-साखरेची पुडी जवळ ठेवली की झालं.

बुडापेस्ट आणि परत

बोट बुडापेस्टमध्ये अंधार पडल्यावर शिरते की दिवसा, हे वेळापत्रकात बघा. रात्री शिरत असेल तर जेवण अर्धवट टाकून गच्चीवर जा. २६८ मीटर लांबीची संसद काठावर उजळलेली असते, आणि पुढे १८४९ मध्ये खुला झालेला साखळी पूल. दुसऱ्या सकाळी संसदेजवळच्या काठावर चालत जा. तिथे लोखंडी बुटांच्या साठ जोड्या आहेत, दुसऱ्या महायुद्धात नदीकाठी गोळ्या घालून मारलेल्या ज्यूंच्या आठवणीसाठी २००५ मध्ये ठेवलेल्या. त्यात लहान मुलांचे बूटही आहेत. आदल्या रात्री ज्या पाण्यावरून आपण रोषणाई बघत आलो तेच हे पाणी. बसची वेळ झाली म्हणून घाईने निघावं लागेल असं करू नका.

बोट सोडल्यावर एक रात्र हॉटेलात ठेवा, कारण बोट सकाळी नऊच्या सुमारास रिकामी करायला लावतात आणि भारताकडची विमानं बहुतेक दुपारनंतरची. १८९६ च्या जुन्या मेट्रोने सेचेनी स्नानगृहात जा. पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि रबरी चपला घेऊन. कोमट पाण्यात तासभर बसलं की पंधरा दिवसांचे पाय मोकळे होतात. विमानतळासाठी देआक चौकातून १००-ई ही थेट बस आहे. तिचं तिकीट वेगळं असतं, शहराच्या साध्या पासावर ती चालत नाही, तेवढे फोरिंट शेवटपर्यंत राखून ठेवा.